न विरघळणारं कुंकू

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विरार पूर्वेला, चंदनसारच्या एका नव्या इमारतीत तळमजल्यावरच्या गाळ्याचं शटर वर गेलं. सात वाजून वीस मिनिटांनी त्याच गाळ्यासमोर सावित्री राऊत, वय त्रेसष्ट, राहणार उमेळे, खाली कोसळल्या. आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत लोक त्यांच्या पाया पडत होते.

हे कसं झालं, ते समजायचं तर आधी शटरच्या आत जायला हवं.

आत हळदाई होती. पितळेचा मुखवटा, हिरवी साडी, पायाशी हळदीचा ढीग. ही देवी दीड वर्षापूर्वी कुणाला ठाऊक नव्हती. मुखवट्याशेजारी खुर्चीत गुरुदत्तमामा. मामांनी भगवं घातलेलं नव्हतं, दाढी वाढवलेली नव्हती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. लोकांना तेच आवडायचं. "बाबा-बिबा नाहीत हो ते," लोक सांगायचे, "अगदी आपल्यातले वाटतात."

दर मंगळवारी आणि रविवारी मामा आधी चमत्कार दाखवायचे आणि मग भंडाऱ्याची पुडी द्यायचे. काचेचा ग्लास, त्यात पाणी, पाण्यात चमचाभर भंडारा. हळद हळूहळू खाली बसायची आणि पाण्यावर केशरी-तांबडे बारीक कण तरंगत राहायचे. ढवळलं तरी वर. तासभर ठेवलं तरी वर. पाण्याला कुंकवाचा रंग नाही.

"बघा!" मामा ग्लास उंच धरायचे. "हळद मी घातली. कुंकू कुणी घातलं?"

"हळदाईनं!" रांग ओरडायची.

"साधं कुंकू पाण्यात काय होतं?"

"विरघळतं!"

"हे विरघळलं?"

"नाही!"

"विरघळणार नाही! केमिकल बुडतं, देवी तरते." मग आवाज खाली आणून, "आणि तुमचा डॉक्टर काय म्हणतो? वाटी बदला. अहो, वाटी म्हणजे काय भांड्याच्या दुकानातली आहे? फुलपात्र पण बदलून देतो का विचारा त्याला."

गुडघेवाली माणसं पोट धरून हसायची. आणि पुडी घेतल्यावर चालायचीही. हे लिहिलं पाहिजे, कारण ते खरं होतं. काठी टेकत आलेली माणसं चौथ्या दिवशी जिना चढत होती. जी कथा हे लपवते, तिच्यावर रांगेतला माणूस विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नयेच.

मामांचे नियम तीन. पुडी भरल्या पोटी घ्यायची. हळदाईला उपाशी भक्त चालत नाही, म्हणून उपवास बंद. डॉक्टरची दुखण्यावरची दुसरी गोळी घ्यायची नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आणि तिसरा नियम मामा खुर्चीतून पुढे वाकून सांगायचे.

"काळं निघेल. शौचाला डांबरासारखं काळं. घाबरायचं नाही. वर्षानुवर्षांचा साठलेला वात, नजर, कुणी केलेलं करणीचं, सगळं काळं होऊन बाहेर पडतं. काळं निघालं की माणूस सुटला."

म्हणून गाळ्यासमोर दोन रांगा असायच्या. डावीकडे लांब, नव्या लोकांची. उजवीकडे आखूड, काळं निघालेल्यांची. उजव्या रांगेतल्यांच्या हातात नारळ असायचा आणि चेहऱ्यावर बोर्डात आल्यासारखा भाव.

त्या रविवारी सावित्रीबाई उजव्या रांगेत होत्या.

सावित्रीबाईंची उमेळ्याला वाडी होती. अर्धी अजून आहे. केळी, सोनचाफा, थोडी पानवेल. उरलेल्या अर्ध्यावर सात मजले उभे राहिले. चाळीस वर्षं उकिडवं बसून आळी करण्यात, तण काढण्यात गुडघे गेले होते. त्यांची सून हेमांगी वसई रोडला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. मार्चमध्ये डॉक्टरांनी दुखण्यावरची गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली होती. सहाव्या दिवशी सासूबाईंनी हात पुढे केला.

"आज नाही आणलीस?"

"आई, पाचच दिवसांची होती."

"दुकानात बसतेस तू. गोळ्यांच्या राशीत बसतेस. आणि घरात सासूला एक गोळी नाही?"

"तुमचं ब्लडप्रेशर आहे, त्याची गोळी चालू आहे. त्यात ही रोज घेतली तर किडनीवर येईल, पोटात जखम होईल. व्यायाम दाखवलाय तो करा, शेक द्या. फारच दुखलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ."

"व्यायाम!" सावित्रीबाई शेजारच्या वाडीतल्या शर्ली परेराला सांगायच्या. "पाय वर करा, दहा मोजा. मी काय पोलीस भरतीला चाललेय?"

शर्ली त्यांच्याच वयाची, त्यांच्याच गुडघ्यांची. चंदनसारचा पत्ता तिनेच आणला. "अगो, मी पण जाते. मदर मेरीला सांगून जाते, तिची काय हरकत नाही. दुखणं काय जात बघतं?"

सावित्रीबाईंचा मुलगा प्रितेश दोघींना गाडीतून न्यायचा. बायकोला सांगायचा, आईला मावशीकडे सोडून येतो. जूनपासून पुडी सुरू झाली. महिन्याभरात सावित्रीबाई पुन्हा चाफ्याखाली उभ्या राहून फुलं काढू लागल्या. चेहरा गोल झाला. शेजारच्या बायका म्हणाल्या, तेज आलं.

हेमांगीला दोनच गोष्टी खटकल्या. एक तो चेहरा. दुसरी, सासूबाईंनी सोमवार सोडला. लग्नापासून एक सोमवार चुकला नव्हता, बाळंतपणातसुद्धा.

"आई, आज जेवताय?"

"देवानं सांगितलं तर जेवायला नको?"

"कुठल्या देवानं?"

"तुला काय करायचंय? तुम्हीच म्हणता ना, उपाशी राहू नका, ॲसिडिटी होते. आता खाते तरी चौकशी."

हेमांगीला हसू आलं. एका परीने बरंच झालं, असं वाटून ती कामाला गेली. पुढे हे तिने स्वतःच सांगितलं, आवाज न चढवता: "माझ्यासमोर पुरावा जेवत होता आणि मी त्याला वाढत होते."

रविवारी सात वीसला सावित्रीबाईंचा नारळ हातातून सुटला. त्या डोलल्या, घामाने भिजल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि गुडघ्यांवर बसून कुशीवर आडव्या झाल्या.

"अंगात आलं!" डाव्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

मामा गाळ्याच्या दारात आले. क्षणभर, एकच क्षण, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला, असं शर्ली सांगते. मग हात वर गेले. "कुणी हलवायचं नाही! आई स्वतः उतरली आहे. दर्शन घ्या आणि बाजूला व्हा."

लोकांनी रांग लावली. कपाळाला हळद, पायांना डोकी. एका माणसाने विचारलं, माझ्या मुलीचं लग्न कधी ठरेल? सावित्रीबाईंचे ओठ हलले. "पाणी," त्या म्हणाल्या असाव्यात. "पाण्याच्या महिन्यात, म्हणजे श्रावणात," शेजारच्याने अर्थ सांगितला.

प्रितेश हात जोडून उभा होता. आईचा मुलगा म्हणून लोक त्याच्याही पाया पडत होते.

शर्लीने फोटो काढला आणि हेमांगीला पाठवला. मागोमाग फोनही केला. "तुझ्या सासूच्या अंगात देवी आली गो! बघ तरी, कशी पांढरी पडलेय, नुसती मेणाची मूर्ती!"

हेमांगीने फोटो मोठा करून पाहिला. ओठ आणि नखं एकाच रंगाची होती.

"शर्लीमावशी, त्यांना काही झालंय का चार-पाच दिवसांत? उलटी? शौचाला कसं होतंय?"

"काळं निघालं ना! चार दिवस. म्हणून तर नारळ आणला."

"डांबरासारखं? चिकट? वास?"

"हो गो. तुला कसं ठाऊक? तू पण येतेस काय मामांकडे?"

हेमांगीने १०८ला फोन लावला, मग प्रितेशला. "आईचे पाय उंच कर. तोंडात काही घालू नको, पाणीसुद्धा नाही. ॲम्ब्युलन्स येतेय."

"मामा म्हणतात हलवायचं नाही."

"प्रितेश, ते रक्त आहे. पोटात सुटलेलं रक्त आतड्यातून येईपर्यंत काळं होतं. आईच्या अंगात देवी आलेली नाही, आईच्या अंगातलं रक्त गेलंय."

आठ वाजून पाच मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. दोन जण स्ट्रेचरच्याही पाया पडले.

हॉस्पिटलमध्ये हिमोग्लोबिन निघालं पाच पूर्णांक आठ. दुर्बिणीतून जठरात दोन जखमा दिसल्या, एक वाहती. रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन एकच्या आसपास असायला हवं, ते चार पूर्णांक एक होतं.

डॉक्टर क्षितिजा नाईक यांनी हेमांगीला बाहेर बोलावलं. "दुखण्यावरची कुठली गोळी घेत होत्या?"

"कुठलीच नाही. मार्चपासून मीच देत नाही."

"जखमा मात्र तेच सांगतात. किडनीही तेच सांगते. आणि हा चेहरा? स्टिरॉईड?"

"नाही."

"मग काय घेत होत्या?"

उत्तर बाकावरून आलं. शर्ली जपमाळ धरून बसली होती. "औषध काही नाही हो डॉक्टर. फक्त भंडारा." तिने पर्समधून विड्याच्या डबीत ठेवलेल्या सात पुड्या काढल्या. "आणि तो पण भरल्या पोटी. मामा फार काळजीचे. उपास करू देत नाहीत."

हेमांगीने डबी हातात घेतली. दिवसातून पन्नास वेळा ती दुकानाच्या काउंटरवरून हेच वाक्य बोलत होती. जेवून घ्या. रिकाम्या पोटी नको. दुसऱ्या गोळीबरोबर नको.

सोमवारी दुपारी तिने स्वयंपाकघरात एक पुडी पाण्यात टाकली. कुंकू तरंगलं. मग दुकानातून आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या मिक्सरमध्ये फिरवल्या. ही गोळी केशरी असते. आतला भाग पांढरा, वरचं आवरण रंगीत. पूड झाली, पण आवरणाचे पापुद्रे काही पूड होईनात. त्यांचे बारीक तुकडे झाले. तिने त्यात हळद मिसळली आणि चमचाभर दुसऱ्या ग्लासात टाकली.

प्रितेश दाराला टेकून उभा होता. हळद खाली बसली. केशरी कण वर राहिले.

"देवी आली," तो म्हणाला. हसला नाही.

मंगळवारी सकाळी हेमांगी चंदनसारला गेली. पिशवीत तीन ग्लास, लिंबू, खाण्याचा सोडा, गोळ्यांची पट्टी. पुड्या तिने आदल्या दिवशीच औषध निरीक्षकांच्या कार्यालयात दिल्या होत्या आणि पोचपावती घेतली होती. बरोबर शर्ली होती. ती का आली, हे तिलाही नीट सांगता येत नव्हतं. "बघायला," ती म्हणाली.

मामांचा चमत्कार संपल्यावर हेमांगी पुढे झाली.

"मामा, मी रविवारच्या देवीची सून."

रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी वाकायला लागलं. "पाया नको," ती म्हणाली. "आई अतिदक्षता विभागात आहेत. मामा, त्या ग्लासातलं कुंकू मी घेऊ?"

"घे ना बाळ. देवी सगळ्यांची."

तिने चिमट्याने कण उचलले, निम्मे लिंबाच्या पाण्यात टाकले, निम्मे सोड्याच्या पाण्यात. "अर्धा तास थांबू या. तोवर तुम्ही बोला."

मामा बोलले. नास्तिक सुना, घरोघरचे कलह, औषध कंपन्यांची लॉबी, परदेशी कट. पंधरा मिनिटांत मुद्दे संपले आणि ते पुन्हा सुनांवर आले. अर्ध्या तासाने लिंबाच्या पाण्यात कण तसेच होते. सोड्याच्या पाण्यात नव्हते. पाणी तेवढं फिकट केशरी झालं होतं.

"देवी कुठे गेली?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं. ती आजीचा हात धरून आली होती.

"ही देवी लिंबात टिकते, सोड्यात विरघळते," हेमांगी म्हणाली. "कारण हे गोळीवरचं आवरण आहे. ते बनवतातच असं, की जठरातल्या आंबट पाण्यात टिकावं आणि पुढे आतड्यात विरघळावं. आवरणाने सगळा धोका टळत नाही, पण यांनी तर तेही मिक्सरमध्ये फोडलं. आवरण तुम्हाला दाखवायला, औषध तुमच्या पोटात. ही पट्टी बघा. हाच रंग."

तिने चार गोळ्या कुटल्या, हळदीत मिसळल्या, तिसऱ्या ग्लासात टाकल्या. कुंकू तरंगलं. आता मात्र कुणी ओरडलं नाही.

मामांनी आवाज मऊ केला. "बाळ, मी अडाणी माणूस. मला काय कळतं गोळ्यांतलं? भक्त हळद आणून देतात, मी पुडी बांधतो. कुणी काही मिसळलं असेल तर मला कसं कळणार?"

"तुम्हाला कळत नव्हतं?"

"हळदाईशपथ!"

"मग उपवास का बंद केलात?"

मामांनी खिशाचं पेन काढलं आणि परत लावलं.

"चाळीस वर्षांचा सोमवार सोडायला लावलात तुम्ही माझ्या सासूबाईंना. कुठल्या देवीला भक्ताचा उपवास चालत नाही? देवीला काय फरक पडतो? फरक या गोळीला पडतो. दुखण्यावरची दुसरी गोळी घेऊ नका, हे देवीचं म्हणणं नाही, ते औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं. तुम्ही ते वाचलंत. आणि शेवटी लिहिलेलं असतं, शौचाला काळं झालं तर ताबडतोब डॉक्टरकडे जा. तेही वाचलंत. तेवढंच एक वाक्य उलटं केलंत."

बहुधा असं झालं असणार: सुरुवातीच्या कुणा रोग्याने घाबरून येऊन सांगितलं असेल, मामा, काळं होतंय. मामांनी त्या तक्रारीचाच प्रसाद करून टाकला. त्यानंतर माणसं तक्रार घेऊन येईनात, नारळ घेऊन येऊ लागली.

मग उजव्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "पण ताई, त्यांनी जेवून घ्या म्हणून सांगितलं, म्हणजे काळजीच घेतली ना?"

"मला तर गुण आला," मागून एक बाई.

"गुण येणारच," हेमांगी म्हणाली. "औषध आहे ते, चांगलं औषध आहे. सूज उतरवतं, दुखणं थांबवतं. मी रोज विकते, डॉक्टर लिहून देतात तेव्हा. किती, किती दिवस आणि कुणाला, हे ठरवूनच ते औषध होतं. ते न सांगता महिनोन्‌महिने चारलं, तर माझ्या सासूबाईंचं झालं ते होतं."

त्या दिवशी दुपारी गाळ्याला सील लागलं. मामांना पोलिसांनी जबाबासाठी बोलावलं. ते संध्याकाळी घरी गेले. हेमांगीने एक पुडी खासगी प्रयोगशाळेतही दिली होती. तिथल्या अहवालात दोन नावं आली: सूज आणि दुखणं उतरवणारं डायक्लोफेनॅक आणि स्टिरॉईड डेक्सामेथासोन. गोल चेहऱ्यावरचं तेज या दुसऱ्याचं.

बुधवारी हेमांगीने दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद लावला. तो असा होता:

"दुखण्यावरची गोळी जेवल्यावर, थोड्यात थोडी मात्रा, थोड्यात थोडे दिवस. नावं वेगळी असली तरी दोन गोळ्यांत एकच औषध असू शकतं. एकावर दुसरी घेऊ नका, आधी विचारा. वय साठीच्या पुढे असेल, ब्लडप्रेशर, किडनी, हृदय, दमा, पूर्वीचा अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी किंवा पोटात बाळ असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असताना नको. शौचाला काळं, उलटीत रक्त, लघवी कमी, तोंडावर किंवा पायावर सूज, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. चंदनसारची पुडी ज्यांनी घेतली असेल त्यांनी आजच पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं. तिच्यात स्टिरॉईड आहे, ते मनाने अचानक बंद करणंही धोक्याचं. जो काय देतोय ते सांगत नाही, त्याच्या हातून काही खाऊ नका. मग तो देव म्हणून देवो की डॉक्टर म्हणून."

काचेसमोर बरेच जण थांबले. एकाने फोटो काढला. गुरुवारी सकाळी एक बाई काउंटरशी आली. कागद पूर्ण वाचून आली होती.

"मामांच्या पुडीत जी गोळी होती म्हणतात ना," ती म्हणाली, "तीच एक पट्टी द्या. आता गाळा बंद आहे."

"चिठ्ठी आहे डॉक्टरांची?"

"चिठ्ठी कशाला? तुम्हीच तर सांगितलं, चांगलं औषध आहे."

दुपारपर्यंत असे सात जण आले. हेमांगीने सातही जणांना डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांतले चौघे पुढच्या चौकातल्या दुकानातून पट्टी घेऊन परत जाताना तिला दिसले. पाचवी शर्ली होती. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "रागवू नको गो. जेवून घेते मी."

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचा आहे. सावित्रीबाई शुद्धीवर आहेत. जखम वाहायची थांबली आहे. शुक्रवारी त्यांनी नर्सला विचारलं, सोमवार कधी आहे. क्रिएटिनिन त्या दिवशी तीन पूर्णांक आठ होतं. डायलिसिस करायचं की नाही, हे शनिवारच्या रक्ततपासणीवर ठरणार आहे. रक्त आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घेतलं. आकडा अजून आलेला नाही.